वेताळ टेकडीच्या वाटा : बंद करण्याची रीत, उघडण्याची रीत आणि रहिवाशांचा प्रवेश

गोखलेनगरवासी

गोखलेनगरच्या बाजूने वेताळ टेकडीवर चढणारी एक पायवाट पावसाळ्यात उताराची माती खचल्यामुळे बंद करण्यात आली होती. ती आता पुन्हा खुली झाली आहे. वाट मोकळी झाल्याचा आनंद इतरांइतकाच मलाही आहे. परंतु ती ज्या रीतीने बंद झाली आणि ज्या रीतीने उघडली, त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण हा प्रश्न एका वाटेपुरता नाही. बंद करताना फाटकाला साखळी आणि 'प्रवेश बंद' अशी पाटी लागली. कारण काय, मुदत किती, तोवर कोणत्या वाटेने जावे, चौकशी कोठे करावी, यांपैकी काहीही तिच्यावर लिहिलेले नव्हते. उघडताना साखळी निघाली, पाटी मात्र तशीच राहिली. परिणामी काही लोक आजही फाटकापासून परत फिरतात आणि बाकीचे पाटीकडे दुर्लक्ष करून आत जातात. पुढे कधी खरोखरच धोका असताना पाटी लावावी लागली, तर ती कोण मानणार?

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी पुणे शहराच्या हद्दीतील सर्वांत उंच जागा मानली जाते. विधी महाविद्यालय रस्ता, पौड रस्ता, पाषाण, सेनापती बापट रस्ता आणि गोखलेनगर अशा अनेक बाजूंनी तिच्यावर वाटा चढतात. माथ्यावर वेताळबाबाचे देऊळ आहे, जुनी दगडाची खाण आहे, आणि एका अंगाला एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. टेकडीचा मोठा भाग भांबुर्ड्याच्या वनक्षेत्रात येतो. उरलेल्या भागात महापालिका, संस्था आणि खासगी मालक आहेत. त्यामुळे एखादे फाटक उघडले तरी त्याच वाटेवर पुढे दुसऱ्याच कोणाचे कुंपण आडवे येऊ शकते, आणि त्याविषयी नेमके कोणाला विचारायचे हे सामान्य रहिवाशाला कळत नाही.

माझे म्हणणे असे आहे की वाट बंद करण्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. मात्र बंदी तुकड्यातुकड्याने, कारणासहित, मुदतीसहित आणि पर्यायी वाट दाखवून झाली पाहिजे. यामागे केवळ रहिवाशांची सोय नाही. मुख्य वाट काहीही न सांगता अडवली की माणसे थांबत नाहीत. ती कुंपणाच्या कडेने, गवतातून, चरांच्या बांधावरून नव्या वाटा पाडतात. आमच्या बाजूला नेमके हेच झाले. उताराची माती वाचवण्यासाठी वाट बंद केली आणि त्या काळात शेजारच्या उतारावर तीन नव्या वाटा उघड्या पडल्या. आता मुख्य वाट खुली असूनही त्या तिन्ही वाटांवर वर्दळ चालूच आहे, कारण त्या बुजवण्याचे काम कोणाच्याच यादीत नाही.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. वाट उघडल्यावर आमच्या भागातील काही सोसायट्यांनी असा प्रस्ताव मांडला आहे की सकाळी व संध्याकाळी फक्त लगतच्या रहिवाशांना ओळखपत्र पाहून आत सोडावे, म्हणजे गर्दी, कचरा आणि गैरप्रकार कमी होतील. हेतू चांगला असला तरी मला हा प्रस्ताव मान्य नाही. या प्रश्नावर एक सविस्तर निवेदन तयार करायचे आहे, म्हणून अनुभव आणि माहिती असलेल्यांनी येथे अवश्य लिहावे.

पाषाणकर

आपला पहिला मुद्दा पूर्णपणे पटतो. लेखी, स्पष्ट आदेश काढणे प्रशासनाला अशक्य नसते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा टेकड्यांवर जाणेही थांबले. पुढे ३ जून २०२० पासून राज्य शासनाने मोकळ्या जागी चालण्या-धावण्यास परवानगी दिली, तेव्हा पहाटे ५ ते सायंकाळी ७ ही वेळ आणि गटाने व्यायाम करण्यास मनाई, या दोन्ही गोष्टी आदेशात स्पष्ट शब्दांत होत्या. साथीच्या ऐन धामधुमीत जे जमले, ते एका खचलेल्या उतारासाठी का जमू नये?

ओळखपत्राच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. सुट्टीच्या दिवशी लांबून गाड्या घेऊन येणारे लोक आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावतात, ध्वनिक्षेपक घेऊन वर जातात आणि खाद्यपदार्थांची वेष्टने तेथेच टाकून उतरतात. टेकडी स्वच्छ ठेवण्यासाठी दर आठवड्याला श्रमदान करणारे लोक बहुतांशी पायथ्याचेच आहेत. जे राखतात त्यांना काही अग्रक्रम असावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

पहाटफेरी

मी जनवाडीत वाढले आणि आजही तेथेच राहते. 'लगतचे रहिवासी' हा शब्दप्रयोग वाचला की मला पहिला प्रश्न पडतो तो असा, की त्यांची यादी कोण करणार? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुरात घरे गेलेल्या कुटुंबांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत गोखलेनगर आणि जनवाडी यांचा समावेश होतो. येथील अनेक घरांत आज तिसरी-चौथी पिढी नांदत आहे. काही जण भाड्याने राहतात, काहींच्या आधार कार्डावर अजून गावाचाच पत्ता आहे. सोसायटीच्या सभासदाला ओळखपत्र मिळवणे सोपे जाईल, पण आमच्या गल्लीतल्या माणसाला त्यासाठी दहा कागद जोडावे लागतील. शिवाय आमच्याकडच्या कित्येक बायका धुण्याभांड्याच्या आणि स्वयंपाकाच्या कामांसाठी टेकडी ओलांडून पलीकडे पौड रस्त्याकडे जातात, तशाच पलीकडच्या वस्त्यांतून काही इकडे येतात. त्यांच्यासाठी ही वाट फेरफटक्याची नाही. रिक्षाचे किंवा दोन बसचे पैसे वाचवणारी ती रोजची वाट आहे. वाट बंद होती तेव्हा कोणाला फिरायला जाता आले नाही याची चर्चा पुष्कळ झाली, पण या बायकांना किती वळसा पडला, हे कोणी विचारले नाही.

वेळेविषयीही लिहिते, कारण टेकडीवर मी एकटीही जाते. पाटीवर वर्षभरासाठी एकच वेळ लिहिणे चुकीचे आहे. पुण्यात मेअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सात वाजून गेल्यावर. पहाटे ५.३० ला फाटक उघडले तर उन्हाळ्यात अर्ध्या तासात लख्ख दिसू लागते, पण थंडीत तासाभराहून अधिक वेळ अंधारातच चालावे लागते. फाटक उघडण्याची वेळ सूर्योदयाशी जोडावी आणि दर महिन्याला पाटीवर बदलावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या बोपदेव घाटात जो गंभीर गुन्हा घडला, त्यानंतर शहराच्या टेकड्यांवर दिवे, कॅमेरे आणि भोंगे बसवण्याचा विचार पुढे आला. भीती खरी आहे आणि पोलिसांची गस्त मला हवीच आहे. तरीही माझ्या अनुभवाने सांगते, की वाटेवर चार ओळखीची माणसे भेटत राहिली की मला जितके सुरक्षित वाटते, तितके खांबावरच्या दिव्याने वाटत नाही. वाट ओळखपत्रांपुरती मर्यादित करून ओस पाडली, तर ती बायकांसाठी अधिक असुरक्षित होईल.

मुरूम

भूशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मूळ कारणाविषयी, म्हणजे माती खचण्याविषयी लिहितो. ही टेकडी बेसाल्टच्या थरांची आहे. उतारावर मातीचा थर फार पातळ असतो. त्याखाली मुरूम आणि त्याखाली फुटलेला, भेगाळलेला काळा खडक. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चारच महिन्यांत पडतो. गवताचे आच्छादन शाबूत असेल तर हे पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून खाली मुरते. पायथ्याच्या विहिरी आणि कूपनलिका याच पाण्यावर जगतात. वनखात्याने खोदलेले सलग समतल चर याच कामासाठी आहेत. आता कोणी उताराला सरळ, नाकाच्या रेषेत वर चढू लागले की त्या पायवाटेचा पाट होतो. पहिल्या जोरदार सरीत पाणी तेथूनच धावते आणि माती चरांत नेऊन टाकते. गाळाने भरलेला चर पाणी मुरवू शकत नाही.

म्हणून धागाकर्त्यांनी उल्लेख केलेल्या तीन नव्या वाटा हा या विषयाचा गाभा आहे, असे मी म्हणेन. मुख्य वाट उघडताना तिच्यावर ठरावीक अंतराने आडवे दगडी पट्टे बसवून पाणी बाजूला काढून द्यावे लागेल आणि चढ नागमोडी करावा लागेल. आडवाटांच्या दोन्ही तोंडांशी काटेरी फांद्या अंथरून, मोठे दगड रचून त्या अडवाव्यात आणि पावसाच्या सुरुवातीला तेथे स्थानिक गवताचे बी टाकावे. एक-दोन पावसाळ्यांत वाट बऱ्यापैकी बुजते. मात्र त्या काळात तिच्यावरून कोणी चालता कामा नये. सिमेंटच्या पायऱ्यांची मागणी कृपया कोणी करू नये. पायऱ्यांच्या कडेने पाणी अधिक वेगाने धावते आणि माणसे पायऱ्या सोडून कडेनेच चालू लागतात.

एक लहानशी सूचनाही करतो. उन्हाळ्यापासून पावसाच्या पहिल्या महिन्यांपर्यंत टिटवी आणि रातवा यांसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. त्या दिवसांत माथ्यावरचे काही माळाचे तुकडे दोरी लावून बंद ठेवले, तर त्या बंदीला माझा मनापासून पाठिंबा राहील. फेब्रुवारीपासून वाळलेल्या गवताला वणव्याचा धोका असतो. तेव्हा जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून केलेले मोकळे पट्टे, काढण्याचे काम चालू असताना तेवढ्या दिवसांपुरती वाट बंद ठेवणेही योग्यच आहे. मात्र दोन्ही बाबतींत पाटीवर कारण आणि तारीख हवी.

विधिज्ञ

भावनेच्या जोडीला कायदाही पाहून घ्यावा. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे हा अपराध ठरू शकतो. आपण वर्षानुवर्षे फिरतो म्हणजे प्रत्येक वाटेवर आपला हक्क प्रस्थापित झाला, असा समज कोणी करून घेऊ नये. कलम २३ प्रमाणे राखीव वनात वहिवाटीने नवा हक्क सहजी निर्माण होत नाही. परंतु त्याच अधिनियमातील कलम २५ आपल्या निवेदनासाठी अतिशय महत्त्वाचे आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. राखीव वनातील सार्वजनिक किंवा खासगी वाट वनाधिकाऱ्याला बंद करता येते, परंतु त्यासाठी राज्य शासनाची किंवा शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. आणि बंद केलेल्या वाटेऐवजी शासनाच्या मते वाजवी सोयीची दुसरी वाट आधीच अस्तित्वात असावी लागते किंवा ती करून द्यावी लागते. पर्यायी वाटेची अपेक्षा १९२७ च्या कायद्यातच आहे.

अर्थात आपली पायवाट या कलमातील वाट ठरते का, हे कागदपत्रांवर अवलंबून राहील, आणि दुरुस्तीसाठी काही दिवस केलेली बंदी ही कायमच्या बंदीपेक्षा निराळी बाब आहे. म्हणून पहिले काम नकाशांचे आहे. गावनकाशा, नगर भूमापनाचा नकाशा आणि वनक्षेत्राचा नकाशा हे तिन्ही मिळवून त्यांवर वाट दाखवली आहे का, ते पाहावे. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून बंदीचा लेखी आदेश, त्याचे कारण, दुरुस्तीच्या कामाचा तपशील आणि वाट पुन्हा खुली करण्याचा आदेश, या सर्वांच्या प्रती मागाव्यात. शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची. आदेशच नसेल तर तसे लेखी उत्तर मिळेल, आणि पुढील पाठपुराव्यासाठी तेही उपयोगी पडेल.

खासगी जमिनींचा प्रश्न वेगळा आहे. शहरात १९९७ मध्ये आलेल्या गावांच्या हद्दीतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे, तर जुन्या हद्दीत डोंगरमाथा-डोंगरउताराचे नियम लागू होतात. आरक्षणाने बांधकामावर बंधन येते. केवळ तेवढ्याने जनतेला चालण्याचा हक्क मिळत नाही, कारण ताबा मालकाकडेच असतो. निवेदनात वनक्षेत्र आणि खासगी क्षेत्र यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

बोरिवलीकर

ओळखपत्राच्या चर्चेत आमच्याकडचे उदाहरण उपयोगी पडेल. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठे आहे. तेथे सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी पास आहेत आणि सोमवारी उद्यान बंद असते. पासधारकांमुळे नियमित येणाऱ्यांची नोंद राहते आणि एक ठरलेला बंद दिवस सर्वांच्या अंगवळणी पडतो, हे फायदे आहेतच. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे पास कोणालाही काढता येतो. तो पायथ्याच्या लोकांपुरता राखीव नाही. दुसरी म्हणजे तेथे प्रवेशद्वारे मोजकी आहेत, कर्मचारी आहेत आणि बिबट्यांचा वावर असल्यामुळे नियंत्रणाला सबळ कारणही आहे. ज्या टेकडीवर सगळ्या बाजूंनी वाटा चढतात, तेथे एका फाटकावर ओळखपत्र तपासल्याने काय साधणार?

खाडीपलीकडचा

मी कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे राहतो. येथे मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि सुट्टीच्या दिवशी मिशन पीकच्या चढावर मराठी हमखास कानावर पडते. सुमारे अडीच हजार फूट उंचीच्या या डोंगराच्या पायथ्याशी, स्टॅनफर्ड अव्हेन्यूच्या प्रवेशापाशी, पाषाणकर यांनी वर्णिलेलीच परिस्थिती निर्माण झाली होती. वाहनतळ लहान, येणारे असंख्य, आणि शेजारच्या घरांपुढे दिवसरात्र लागलेल्या गाड्या. रहिवाशांच्या तक्रारींनंतर २०१४ मध्ये त्या प्रवेशाच्या वेळा कमी करण्यात आल्या आणि पुढे आसपासच्या गल्ल्यांत गाड्या लावण्यासाठी रहिवाशांचे परवाने सुरू झाले. ओलोनी महाविद्यालयाच्या बाजूने चढणारी दुसरी वाटही वापरात आहे आणि तेथे पैसे भरून गाडी लावता येते.

यात मला महत्त्वाचे वाटते ते असे, की परवाना गाडी लावण्यासाठी आहे, डोंगर चढण्यासाठी नाही. पायी आलेल्या माणसाला तो कोठे राहतो, हे कोणी विचारत नाही. वेळा कमी करण्याविरुद्ध येथेही नागरिकांनी जोरदार आवाज उठवला होता आणि प्रत्येक निर्णय सर्वांना रुचला असे मी म्हणणार नाही. पण त्रास गाड्यांचा असेल तर उपायही गाड्यांवरच हवा, हे तत्त्व पुण्यातही लागू व्हावे.

पाषाणकर

वरील प्रतिसाद वाचून माझी मागणी अधिक नेमकी करतो. मला खरा त्रास गाड्यांचा आणि कचऱ्याचा आहे. पायथ्याच्या अरुंद गल्ल्यांत सुट्टीच्या दिवशी सकाळी बाहेरच्या गाड्यांना बंदी आणि बसथांब्यापासून टेकडीच्या वाटेपर्यंत दिशादर्शक फलक, एवढे झाले तर ओळखपत्राचा आग्रह मी धरणार नाही. तसेच, वर नेलेली प्रत्येक वस्तू खाली आणण्याचा नियम पाटीवर यावा. माथ्यावर कचराकुंड्या ठेवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळेवर रिकाम्या होत नाहीत आणि भटकी कुत्री कचरा सर्वत्र पसरवतात.

गोखलेनगरवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निवेदनाचा कच्चा मसुदा आजच लिहायला घेतो. कलम २५ चा उल्लेख त्यात असेल, पण धमकीच्या सुरात नव्हे. वनरक्षकांची संख्या अपुरी आहे आणि वणव्याच्या दिवसांत हेच लोक रात्री-अपरात्री आग विझवायला धावतात, हे मी पाहिलेले आहे; त्यांच्याविरुद्ध लढा पुकारल्यासारखे पत्र जाऊ नये असे मला मनापासून वाटते. २०२३ च्या एप्रिलमध्ये या टेकडीवरून नियोजित असलेल्या रस्त्याला विरोध करण्यासाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांत पायथ्याचे जितके होते तितकेच हडपसर, सिंहगड रस्ता आणि पिंपरी-चिंचवडहून आलेलेही होते. टेकडी वाचवण्यासाठी ज्यांना हाक दिली, त्यांनाच आता फाटकाशी पत्ता विचारणे मला योग्य वाटत नाही.

पहाटफेरी यांच्या प्रतिसादामुळे मसुद्याचा क्रमच बदलतो. कामासाठी टेकडी ओलांडणाऱ्यांची वाट कोणत्याही बंदीत सर्वांत शेवटी बंद व्हावी आणि सर्वांत आधी उघडावी, ही मागणी मी पहिल्या परिच्छेदात घेत आहे. त्यानंतर सूर्योदयाशी जोडलेली वेळ, आडवाटा बुजवण्याचे काम आणि माळाच्या तुकड्यांवरील हंगामी बंदी येईल. पाटीचा नमुनाही सोबत जोडू: कारण, सुरुवातीची तारीख, अखेरची तारीख, पर्यायी वाटेचा नकाशा आणि चौकशीचा दूरध्वनी, सर्व ठळक मराठीत.

मुरूम यांनी शक्य असल्यास या आठवड्यात त्या तीन आडवाटांची लांबी आणि उतार मोजून द्यावेत, आणि विधिज्ञ यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज एकदा नजरेखालून घालावा. गोखलेनगर-जनवाडीतील सह्या पहाटफेरी आणि मी मिळून घेतो. पौड रस्त्याच्या बाजूच्या वस्त्यांत जाऊन सह्या घेणारे कोणी अद्याप पुढे आलेले नाही. त्या बाजूच्या सदस्यांनी ही जबाबदारी घेतल्यास येथेच कळवावे, म्हणजे मसुद्याच्या छापील प्रती त्यांच्याकडे पोहोचवता येतील.